अ‍ॅल्युमिनियम भंगाराच्या भट्टीत ड्रॉस जास्त पडतो, माल कमी येतो, कास्टिंगला पिनहोल येतात: चूक भट्टीतच कशी शोधायची

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडे पण हेच चाललंय का ते लगेच कळेल. १०० किलो भंगार घातलं की हातात ८२-८४ किलोच माल येतो, ड्रॉस (वितळलेल्या धातूवर, म्हणजे रसावर, जमणारा ऑक्साईडचा मळ) काढता काढता पोरं दमून जातात, डिझेलचं बिल दर महिन्याला वाढतंच, आणि एवढं करून पाडलेलं कास्टिंग मशिनिंगला गेलं की टूल फिरल्यावर आतून सुईच्या टोकाएवढी भोकं, म्हणजे पिनहोल, उघडी पडतात आणि पार्टी माल परत पाठवते. मग आपण भंगारवाल्याला बोलतो, फ्लक्स (ड्रॉस सुटा करायला रसावर टाकायची क्षाराची पावडर) बदलतो, डीगॅसिंगच्या, म्हणजे रसातला गॅस काढायच्या, गोळ्या दोनाच्या तीन करतो, चार दिवस बरं चालतं आणि परत जैसे थे.

माझं कोल्हापुरात छोटं युनिट आहे, १५० किलोची मूस (धातू वितळवायचं भांडं), डिझेलचा बर्नर, भंगार वितळवून थोडं इनगॉट (धातूच्या लाद्या) आणि थोडं ग्रॅव्हिटी कास्टिंग (दाब न देता रस साच्यात ओतून). मी चार वर्षं हे तीन-चार वेगळे प्रॉब्लेम आहेत असं धरून चाललो होतो आणि प्रत्येकावर वेगळा खर्च केला, पण खरं कारण एकच निघालं, ते म्हणजे भट्टीतला धूर रसाच्या तोंडावरून बाहेर जात होता. बाकीच्या चुका होत्याच, पण मूळ हे.

आधी मोजायचं कसं ते बघा, कारण मोजल्याशिवाय भांडण नुसतं अंदाजावर चालतं. स्वतःचेच रनर-रायझर (साच्यातल्या रसाच्या वाटांचे, कास्टिंगपासून कापून काढलेले तुकडे) घ्या, म्हणजे रंग, तेल, माती, लोखंड यांचा प्रश्नच नको. बरोबर १०० किलो वजन करून घाला, त्या हीटला (एका वेळच्या वितळवणीला) फ्लक्स अजिबात टाकू नका, आणि शेवटी इनगॉटचं वजन वेगळं, ड्रॉसचं वजन वेगळं करा. आमचं आलं इनगॉट ८४ किलो आणि ड्रॉस २० किलो. म्हणजे बेरीज १०४. हे ४ किलो कुठून आले? हवेतून. तो ऑक्सिजन आहे. ५४ किलो अ‍ॅल्युमिनियम ४८ किलो ऑक्सिजन खातं हा साधा हिशोब आहे, त्यामुळे ४ किलो ऑक्सिजन लागला म्हणजे अंदाजे साडेचार किलो धातू खरोखर जळाला. पण गेलेत तर १६ किलो! मग उरलेला साडेअकरा किलो कुठाय? तो जळलेलाच नाही, तो ड्रॉसमध्ये अडकून बसलाय, आणि तोच ड्रॉस आपण राखेच्या भावात विकतो. मला हा हिशोब पहिल्यांदा वहीत मांडल्यावर रात्री झोप लागली नाही, कारण महिन्याला किती धातू आपल्याच हाताने गाडीत भरून दिला ते डोळ्यासमोर आलं.

या एका चाचणीतून दोन गोष्टी वेगळ्या होतात. जळलेला धातू जास्त असेल तर दोष आगीचा आणि टेंपरेचरचा, अडकलेला धातू जास्त असेल तर दोष ड्रॉस काढायच्या पद्धतीचा आणि फ्लक्सचा. आमच्यात दोन्ही होते, तुमच्यात एखादंच असेल, पण हे न मोजता खर्च करू नका.

आता भट्टीकडे या. आमची भट्टी म्हणजे गावोगाव असते तशीच, गोल शेल, आत फायर ब्रिक, मधोमध स्टँडवर मूस, वर झाकण, झाकणाला मधे भोक आणि सगळा धूर त्या भोकातून वर. आता विचार करा, आग मुशीभोवती फिरून वर येते, मुशीच्या काठावरून आत वळते, रसाच्या तोंडाला चाटते आणि मग भोकातून बाहेर. म्हणजे तास-दीड तास रस सतत धुरात अंघोळ करतोय. आणि धुरात काय असतं? एक लिटर डिझेल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. दिसत नाही म्हणून आपण विसरतो. आमच्या एका हीटला २५-३० लिटर डिझेल लागायचं, म्हणजे दोन बादल्या पाणी वाफ होऊन त्या रसावरून जायचं. अ‍ॅल्युमिनियम त्या वाफेतला ऑक्सिजन खेचून घेतं, त्याचा होतो ड्रॉस, आणि सुटा झालेला हायड्रोजन रसात विरघळतो, त्याचे होतात पिनहोल. एकाच जागेवरून दोन्ही रोग.

हायड्रोजनचं गणित पण समजून घ्या. ६६० अंशाला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम वितळतं त्याच पॉईंटला, १०० ग्रॅम रसात साधारण ०.७ सीसी हायड्रोजन मावतो, आणि तोच धातू घट्ट झाला की जेमतेम ०.०४ सीसी. मग बाकीचा जाणार कुठे, तो घट्ट होता होता बुडबुडे करून आतच बसतो. आणि रस ८०० पर्यंत तापवला की मावणारा हायड्रोजन दुपटीच्या वर जातो, म्हणजे जास्त तापवलं की जास्त पिऊन घेतं.

इथेच आमची दुसरी चूक. आमचे भट्टीवरचे मामा तीस वर्षं याच कामात, हाताला खूप कसब, पण ते टेंपरेचर डोळ्याने बघायचे. "दादा, अजून लाल नाही झाला, रस जाड आहे", असं म्हणून अजून दहा मिनिटं बर्नर चालू. आता अ‍ॅल्युमिनियमचा रस लोखंडासारखा किंवा पितळेसारखा लाल दिसतच नाही, ७२० अंशाला सुद्धा उजेडात चांदीसारखाच दिसतो, कारण त्याचं तोंड चकचकीत असतं आणि ते प्रकाश फार सोडत नाही. ज्या वेळी उजेडात लाल दिसायला लागतो त्या वेळी पार ८०० च्या वर गेलेला असतो. मी के टाईप थर्मोकपल (रसात बुडवून टेंपरेचर मोजायचं साधन) आणून बुडवलं तर डिस्प्लेवर ८४०! मामा दोन मिनिटं त्या आकड्याकडेच बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजे मी रोज जाळतच होतो की." मला त्यांचं वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती, मी तीन-चार हजाराचं एक थर्मोकपल आणून दिलं नव्हतं ही माझी चूक होती. आता ओतायच्या आधी ७२०, पातळ सेक्शन असेल तर ७४०, त्याच्या वर जाऊच देत नाही. थर्मोकपलच्या स्टीलच्या पाईपला कोटिंग लावायला विसरू नका, नाहीतर रस ती पाईप खातो आणि तेवढं लोखंड तुमच्या मालात.

भट्टीत बदल काय केला ते नीट सांगतो कारण बरेच जण इथेच विचारतात. धूर वरून काढणं बंद केलं. मुशीचा काठ वरच्या रिंगच्या लेव्हलला आणला, काठ आणि रिंग यांच्या मधली फट सिरॅमिक ब्लँकेटची दोरी ठासून बंद केली, आणि धुराला रिंगच्या खाली भिंतीत बाजूला वाट दिली, तिथून पाईपने शेडच्या बाहेर. आता आग मुशीभोवती फिरते आणि बाजूने निघून जाते, रसाच्या तोंडाशी तिचा संबंधच नाही. फट सिमेंटने किंवा कास्टेबलने (भट्टीच्या अस्तराचं काँक्रीट) जाम करू नका, मूस तापल्यावर फुगते, तिला जागा मिळाली नाही की तडा गेलाच समजा. आमची पहिली मूस अशीच ११ हीटमध्ये गेली.

एक खरं सांगतो, या बदलाने डिझेल सुरुवातीला थोडं वाढलं. वरून जाणारा धूर वरच्या भंगाराला तापवत होता, तो फायदा गेला. १०० किलोला १८ लिटर लागायचं ते २० वर गेलं आणि पार्टनरनी तोंड वाकडं केलं. पण जो धातू वाचला त्याच्यापुढे दोन लिटर डिझेल काहीच नाही, आणि नंतर आम्ही बाहेर जाणाऱ्या धुराच्या पाईपवर जाळीचा कप्पा करून त्यात पुढच्या घाण्याचं भंगार ठेवायला लागलो, त्याने भंगार सुकतं पण आणि तापतं पण. तसं बघायला गेलं तर १०० किलो अ‍ॅल्युमिनियम थंड्यापासून ७३० पर्यंत न्यायला निव्वळ उष्णता साधारण ११५ मेगाज्यूल लागते, म्हणजे सव्वातीन लिटर डिझेलची. आपण १८ जाळतो. बाकीचं सगळं भिंतीत, धुरात आणि उघड्या तोंडातून जातं. म्हणून फायर ब्रिकच्या मागे सिरॅमिक ब्लँकेटचे दोन थर घातले, शेलला आधी हात लागायचा नाही, आता लागतो, आणि आकडा १६ वर आला.

बर्नरची दिशा तपासा. बर्नर सरळ मुशीच्या पोटावर मारलेला असेल तर तिथे एक पांढरट खड्डा पडत जातो, ती मूस त्याच जागी फुटणार. बर्नर कडेने, म्हणजे भिंतीला स्पर्श करत गोल फिरेल असा पाहिजे, आणि त्याचा मध्य मूस आणि स्टँड जिथे टेकतात त्या लेव्हलला, म्हणजे आग खालून फिरत वर येते. मूस आणि भिंत यांच्यात आम्ही सगळीकडून सारखी चार इंच जागा ठेवली, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच झाली तरी एका अंगाला जास्त तापते. स्टँड म्हणून विटांचे तुकडे ठेवू नका, मुशीच्या मटेरियलचाच स्टँड मिळतो तो घ्या, मधे पुठ्ठ्याची चकती ठेवा म्हणजे चिकटत नाही.

आगीचा रंग पण बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल अर्धवट जळतंय, त्यात हायड्रोजन जास्त, आणि पैसे पण जास्त. ब्लोअर फुल सोडून आग गरजणारी पांढरी केली तर उष्णता उडून जाते. एक लिटर डिझेलला दहा घनमीटरच्या आसपास हवा लागते, त्याच्यापेक्षा थोडी जास्त द्या, धूर स्वच्छ झाला की तिथे थांबा. आमच्या ब्लोअरच्या जाळीला रुईसारखी धूळ चिकटली होती, ती साफ केल्यावरच अर्धा काळा धूर गेला.

आता जो प्रॉब्लेम सगळं केल्यावर पण परत परत येत होता त्याच्याविषयी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीची पहिली हीट, आणि त्यातून पावसाळ्यात, पिनहोलने भरलेली. दुसऱ्या-तिसऱ्या हीटपासून माल चांगला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर भिंतींना सुद्धा घाम येतो. भट्टी दीड दिवस थंड पडली की विटा आणि कास्टेबल हवेतलं पाणी ओढून घेतात, मूस ओढते, फ्लक्सची पिशवी तोंड उघडी राहिली असेल तर मीठ ओलं होतं, डाव आणि सळ्या ओल्या, भंगार तर अंगणातच पडलेलं. हे सगळं पाणी पहिल्या हीटमध्ये रसाला मिळतं. उपाय साधा, पण सवय लावावी लागते. सुट्टीनंतर रिकामी भट्टी आधी बारीक आगीवर तासभर, मूस २०० अंशाच्या आसपास पूर्ण सुकू द्यायची, मग आग वाढवायची, मग भंगार. पहिल्या हीटचे इनगॉटच पाडायचे, कास्टिंग नाही. फ्लक्स, डाव, थर्मोकपल, कांब, सगळं भट्टीच्या काठावर तापवल्याशिवाय रसात घालायचं नाही. ओली सळई रसात घातली तर नुसता पिनहोलचा प्रश्न नाही, स्फोट होतो, रस छपरापर्यंत उडालेला मी पाहिलाय. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळ्या, बंद तोंडाचे पाईप, स्प्रेचे डबे, पाणी साठलेले इंजिनचे ब्लॉक, हे फोडल्याशिवाय, सुकवल्याशिवाय भट्टीजवळ सुद्धा आणू नका. पोरांचे डोळे आणि हात आहेत.

रसात गॅस आहे की नाही हे ओतायच्या आधी कळतं. छोट्या तापवलेल्या कपात रस घ्या आणि घट्ट होताना वरचं तोंड बघत उभे रहा. मधे खड्डा पडला तर रस चांगला, फुगून वर आला किंवा बारीक फोड आले तर गॅस आहे. ज्यांच्याकडे व्हॅक्यूम पंप आहे ते हाच कप ८० मिलिबारच्या आसपास घट्ट करून मधोमध कापून बघतात, त्यात तर सगळंच उघडं पडतं. डीगॅसिंगला हेक्झाक्लोरोइथेनच्या गोळ्या बरेच जण वापरतात, पण त्याचा धूर छातीला फार वाईट, शेड बंद असेल तर नकोच. आम्ही नायट्रोजनचा सिलेंडर आणि भोकं असलेली ग्रॅफाईटची नळी वापरतो, बुडबुडे जेवढे बारीक तेवढा गॅस लवकर निघतो, मोठे बुडबुडे सोडून रस उकळल्यासारखा करू नका, त्याने उलट ड्रॉस वाढतो.

अडकलेल्या साडेअकरा किलोचं काय केलं? आधी आम्ही फ्लक्स म्हणून किराणा दुकानातलं मीठ टाकायचो. नुसतं मीठ ८०१ अंशाला वितळतं, आणि आता रस तर ७२० ला, मग ते मीठ वर नुसतं खड्यासारखं पडून राहतं. निम्मं मीठ आणि निम्मं पोटॅशियम क्लोराईड एकत्र केलं की ते ६६० च्या आसपासच पातळ होतं, त्यात थोडं क्रायोलाईट (एक फ्लोराईड क्षार) घातलं की ऑक्साईडची कातडी सुटते आणि अडकलेले थेंब खाली पडतात. फ्लक्स टाकून दोन मिनिटं थांबायचं, मग ड्रॉस हलक्या हाताने काठाकडे ओढून मुशीच्या कडेला दाबायचा, ढवळायचा नाही. चांगला ड्रॉस सुटा, भुगा असतो, वाळूसारखा, डावातून खळखळ पडतो. चिखलासारखा ओला, चमकणारा दिसला म्हणजे त्यात धातू आहे, काढू नका अजून. बाहेर काढलेला ड्रॉस ढीग करून ठेवला तर तो आतल्या आत पेटतो, पांढरा लखलखीत होतो, म्हणजे तुमचा धातू तुमच्यासमोर जळतोय. लोखंडी ट्रेमध्ये पातळ पसरा, पेटला तर वर कोरडं फ्लक्स टाकून हवा तोडा. पाणी कधीच नाही. पावसात ड्रॉसचा ढीग भिजला की जो अमोनियाचा डोळे झोंबणारा वास येतो तो ड्रॉसमधल्या अ‍ॅल्युमिनियम नायट्राईडचा आणि पाण्याचा खेळ आहे, म्हणून ढीग शेडखालीच पाहिजे आणि शेड वाहती पाहिजे.

भंगार घालायची पद्धत बदलली त्याने पण फरक पडला. मूस पूर्ण रिकामी करत नाही, तळाला २५-३० किलो रस ठेवतो, आणि पुढचं भंगार त्या रसाच्या खाली दाबतो. जाड तुकडे, पिस्टन, हाऊसिंग आधी, पातळ पत्रा, सेक्शन, पातेली नंतर आणि दाबून. पातळ पत्रा आगीत उघडा लोंबकळत राहिला की वितळायच्या आधीच जळायला लागतो. आणि लांब तुकडे मुशीत आडवे ठासून बसवू नका, ते तापून लांबतात आणि मुशीला आतून फोडतात.

लोखंड हा वेगळा विषय आहे पण दोन वाक्यं. भंगारात स्टीलचे बोल्ट, बुश, इन्सर्ट असतात, ते रसात राहिले की विरघळत जातात आणि एकदा विरघळलेलं लोखंड छोट्या युनिटला परत काढता येत नाही, एलएम ६ या कास्टिंगच्या मिश्रधातूला लोखंडाची मर्यादा ०.६ टक्के आणि एलएम २४ ला १.३ टक्के, त्यामुळे चुंबक फिरवून घ्या, आणि वितळलं की झाऱ्याने तळ चाळून लोखंड लगेच बाहेर काढा. काही जण पैसे वाचवायला मुशीऐवजी लोखंडी डबाच भट्टीत ठेवतात. तो डबा रोज थोडा थोडा तुमच्या मालात जातो आणि एक दिवस तळ जाऊन सगळा रस भट्टीत उतरतो.

हे सगळं करून तीन महिन्यांनी परत तीच चाचणी घेतली, १०० किलो रनर-रायझर, फ्लक्सशिवाय. इनगॉट ९४ किलो, ड्रॉस ८ किलो. बेरीज १०२, म्हणजे जळालं सव्वादोन किलो आणि अडकलं पावणेचार. फ्लक्स घालून अडकलेल्यातला पण बराच खाली येतो. पिनहोलसाठी परत येणारा माल बंद झालाय असं म्हणणार नाही, पण आता आला की तारीख बघतो, आणि बहुतेक वेळा तो सुट्टीनंतरच्या दिवसाचाच असतो, कोणीतरी घाईत मूस सुकवायचा तास चुकवलेला असतो.

एक गोष्ट मात्र आमच्या भट्टीत जमलीच नाही, ती म्हणजे सीएनसीचं टर्निंग, म्हणजे मशिनिंगमध्ये निघणारा कीस. तेल सेंट्रिफ्यूजने काढलं, सुकवलं, रसात ढवळून खाली ओढलं, तरी नुकसान फार, कारण एवढ्याशा चिपला पृष्ठभाग खूप आणि धातू कमी. ते काम रोटरी, म्हणजे फिरत्या ड्रमच्या, भट्टीचं, मिठाच्या थराखाली वितळवायचं. आता आम्ही टर्निंग दाबून त्याच्या विटा करतो आणि रोटरीवाल्याला देतो, बदल्यात त्याच्याकडून इनगॉट घेतो.